चीक लागलेलं पान

ईरा आणि निहार,

ईराने लिहिलेली गोष्ट तुमच्या आईने मला गेल्या आठवड्यात पाठवली. इंग्रजीत आहे, अकरा पानांची आहे, आणि कथालेखनाच्या वर्गात तिला फार चांगला शेरा मिळाला असं कळलं. गोष्टीत कोल्हापूरची एक आजी आहे. ती पहाटे उठून जात्यावर दळते, चुलीच्या धुराने तिचे डोळे भरून येतात, आणि भरल्या डोळ्यांनी ती नातीला सांगते की आपली माती विसरू नकोस. ईरा, ही बाई कोण? मी आयुष्यात जात्याला हात लावलेला नाही. आमच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती आणि डबा घेऊन तुझे आजोबा जात. तुझी आई जन्मायच्या आधीपासून माझ्याकडे गॅस आहे. मातीविषयी मी तुम्हा दोघांना एकच गोष्ट सांगत आले आहे, ती म्हणजे बूट दाराबाहेर काढा.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं. रागावले आहे. तुझ्यावर थोडी, तुझ्या मास्तरांवर जास्त, आणि सगळ्यात जास्त एका बाईवर, जिने तुझ्या कितीतरी आधी हीच लबाडी केली आणि जिलाही चांगला शेरा मिळाला. ती बाई मीच. म्हणून हे आत्ता लिहून ठेवते. तुम्ही दोघं सुट्टीत माझ्याकडून मराठी वाचायला शिकलात, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.

माणसं आठवणी लिहायला बसली की बालपणापासून सुरुवात करतात. माझं बालपण मिशनच्या शाळेत, इस्त्रीच्या गणवेशात आणि इंग्रजी कवितांच्या पाठांतरात गेलं, आणि त्यात मी काडीइतकीही वाढले नाही. मी मोठी झाले ती चाळिशी ओलांडल्यावर, एका दुपारी, आजऱ्यात, काजू फोडायच्या शेडमध्ये. वाढत्या वयाचं म्हणून माझ्याकडे सांगायला तेवढं एकच प्रकरण आहे.

तेव्हा आम्ही राजारामपुरीत राहत होतो. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. आजोबा शिरोलीला एका फाउंड्रीत सुपरवायझर होते आणि संध्याकाळी घरी आले की शर्टाच्या शिवणीतून काळी वाळू सांडत येत. ती वाळू झाडताना मला रोज वैताग यायचा. स्कूटर लावल्याचा आवाज, मग नळाचा, मग खाकरण्याचा, हा क्रम कधी चुकला नाही. जेवायला बहुतेक भाकरी, एखादी उसळ, खर्डा आणि दही. घरातला भात मात्र आजऱ्याच्या घनसाळचा, कारण आजोबांची थोरली बहीण तिकडून पिशवी पाठवायची. कुकर उघडला की वास शेजारच्यांच्या मालिकेपर्यंत जाई आणि मालिकेतल्या सुना रडत असतानाच शेजारीण भिंतीपलीकडून विचारी, "घनसाळ लावलासा व्हय?" जेवणं झाली की मी टेबलावरचं प्लास्टिक ओल्या फडक्याने पुसायची, मग कोरड्या फडक्याने, आणि तिथेच लिहायला बसायची. तीन पेनं, एक पेन्सिल, टाचण्यांची डबी. सगळं जागच्या जागी असे. फक्त कथा जागेवर नसत.

त्या कथा आता आठवल्या की मला लाज वाटत नाही, हसू येतं, आणि ते हसू चांगलं नाही. माझ्या पहिल्या सात-आठ कथांतल्या सगळ्या बायका खिडकीत उभ्या राहून बाहेर बघत. बाहेर बहुधा संध्याकाळ असे. कोल्हापुरात खिडकीत उभी राहून बाहेर बघणारी बाई मी आजतागायत पाहिलेली नाही. तिला बघायचं असेल तर ती दारात येते आणि मोठ्यांदा विचारते, काय झालं? पण खिडकीतल्या बाया मी इंग्रजी पुस्तकांत पाहिल्या होत्या, त्यांना नऊवारी नेसवून मी मराठीत आणलं होतं, आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. लक्षात कसं येणार? वाचणारे माझ्यासारखेच होते. आमच्या गावात तेव्हा वाचकांची मंडळं होती, तिथे चहा आणि वेफर्स खाऊन झाल्यावर कुणीतरी म्हणे, "बाई, तुमच्या लेखनात एक हुरहूर आहे." हुरहूर! ज्याला कथेत काहीच सापडत नाही त्याला हुरहूर सापडते.

मग मला सांगण्यात आलं की माझ्या लेखनाला मातीचा वास नाही. सांगणारे एक प्रकाशक होते. गावात त्यांचा शब्द चालायचा, सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणत असे. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण ते गेले आणि त्यांच्या मुलांना अजून वाटतं की ते फार मोठे होते. सर म्हणाले, "ग्रामीण लिहा. तुमच्या सासरी आहे की सगळं." जणू सासर म्हणजे भाजीची मंडई. मी पिशवी घेऊन निघाले.

सासरी होत्या हौसाबाई. आजोबांच्या थोरल्या बहिणीला मी वन्सं म्हणे, आजऱ्यात सगळे हौसाक्का म्हणत. त्यांचे यजमान अचानक गेले होते. एस्टी स्टँडवर चक्कर येऊन पडले, तिथून दवाखान्यात नेलं, वन्सं काजू फोडायला जात त्या शेडमध्ये त्यांना निरोप गेला आणि त्या पोचेपर्यंत संपलं होतं. एवढंच मला ठाऊक होतं. तेवढ्यावर मी बावीस पानं लिहिली. माझ्या कथेत काजू फोडणाऱ्या बाईला निरोप येतो, ती हातातला काजू टाकून उठते, "दोन्ही तळव्यांनी डोळ्यांतले अश्रू पुसत" धावत सुटते आणि नवऱ्याच्या छातीवर कोसळते. त्या वाक्यावर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "ह्या कथेचं नाव संग्रहाला द्यायचं." माझं पहिलं पुस्तक ठरलं. हॉल ठरला, अध्यक्ष ठरले, आमंत्रणपत्रिकेचा मजकूर ठरला. पक्की मुद्रितं हातात आली तेव्हा मी त्यांचा वास घेतला. आता कबूल करते, त्या दिवसांत मला माझ्याच नावाचा फार मोह होता.

मुद्रितं घेऊन मी आजऱ्याला गेले. वन्संना वाचता येत नव्हतं, त्यांना वाचून दाखवावं आणि त्यांनी रडावं, असा माझा बेत होता. वाईट बेत होता, पण होता खरा. त्या शेडवर होत्या म्हणून मी शेडवर गेले. लांबट पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंना बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीपुढे लाकडी पाटावर हातापायाने चालणारं फोडायचं यंत्र. टक्, टक्, टक्, असा आवाज सगळीकडून, पण एका लयीत नाही. भाजक्या टरफलांचा वास घशात बसत होता. जेवणाची सुट्टी झाली, आवाज एकेक करून थांबला आणि बायकांनी खाण्यापुरता उजवा हात घासून धुऊन डबे उघडले. भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, एकीकडे ओल्या काजूची उसळ.

"वन्सं, तुमच्यावर गोष्ट लिहिली आहे."

"माज्यावर? आनि काय बाय! माज्यात काय हाय लिवन्यासारकं?"

"वाचा की मास्तरीनबाई," पलीकडून शेवंता म्हणाली. ही तिथली सगळ्यात तोंडाळ बाई. "आमाला बी कळू द्या हौसाक्काचं काय काय हाय ते."

मी वाचलं. चांगलं वाचलं, आवाजात चढउतार घालून. सुरुवातीला त्या खाता खाता ऐकत होत्या. मग खाणं थांबलं आणि मला वाटलं, लागली गोष्ट. मी त्या वाक्यावर आले, दोन्ही तळव्यांनी अश्रू पुसत, आणि तिथे मुद्दाम थांबले.

शेवंता फस्सकन हसली. तोंडातली भाकरी सांडेपर्यंत हसली. "डोळं गेलं की तिचं! आगं आई गं, बाई आंदळी झाली आनि गोष्ट म्होरं चाललीया!"

सगळी शेड हसली. मला कळेना. शेवंताने तिचा न धुतलेला डावा हात माझ्यापुढे धरला. काळा, तडे गेलेला, बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली, त्यावर राख आणि तेलाचं लुकण. काजूच्या टरफलातून जो चीक निघतो तो कातडी भाजतो. बायका हाताला आधी तेल आणि राख चोळूनच बसतात, तरी तो भाजतोच. "ह्यो हात डोळ्याला लावून बगा एकदा," ती म्हणाली. "मग कळंल रडू कसं येतंय ते." अनेक वर्षं मी त्या घरातला घनसाळ खाल्ला होता, त्या हातांनी निवडलेले काजू दिवाळीला वाटले होते, आणि ते हात मी पाहिले नव्हते. खिडकीतल्या बाईला नऊवारी नेसवली तशीच ही बाई मी शेडमध्ये आणून बसवली होती.

तिथे नंदा नावाची एक मुलगी होती, बौद्धवाड्यातली, दहावी झालेली. गावच्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तिने वाचलं होतं. ती हसली नव्हती. तिने हात पुसून एक पान बघायला मागितलं, बराच वेळ वाचलं आणि विचारलं, "बाई, ह्यो दवाखान्यातला डॉक्टर कुटला?"

"कोल्हापूरचाच."

"मग त्यो पुस्तकावानी कसा बोलतोय? आमीच तेवडं हाय-न्हाय, आनि डॉक्टर 'मला खेद वाटतो' म्हनतोय. कोल्लापूरचा डॉक्टर म्हनंल, 'मावशी, गेलं वो पावणं.' तुमी आमच्या तोंडात तेवडी भाषा घातलीसा."

ईरा, मी वाङ्मयाच्या पदव्या घेतल्या आहेत आणि वाङ्मयावर भाषणंही पुष्कळ दिली आहेत. बोलीविषयी एवढं खरं वाक्य मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही गावातल्या माणसांच्या तोंडी बोली घालतो ती भाजीवर कोथिंबीर घालावी तशी, आणि अक्कल मात्र आमच्या शुद्ध भाषेजवळ ठेवतो. तुझ्या गोष्टीतल्या आजीने मध्येच मराठी शब्द बोलावे आणि ते तिरक्या अक्षरांत छापावे, हा त्याच जातीचा प्रकार आहे.

वन्संनी डबा बाजूला सारला. हसणं ओसरल्यावर त्या माझ्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "मगाचं परत वाच." मी वाचलं. त्यांनी डावा अंगठा पानावर टेकवला, मी बोट ठेवलं होतं बरोबर तिथे. "हितं," त्या म्हणाल्या. "हितं हात धुवायचं ऱ्हायलं." मग सुट्टी संपली आणि टक् टक् पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी मला सांगितलं. रस्त्यात, चालता चालता, पुढे बघत. वन्सं स्वतःविषयी बोलताना मी आलो, मी गेलो असंच म्हणत. आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात. "निरोप्या सायकल घिऊन आला. म्हनला, मावशी चला, मालक पडल्यात. मी म्हनलं थांब. ह्या हातानं कसं जायाचं? त्येंच्या तोंडाला हात लावायचा, पानी पाजायचं. चीक लागला तर? पान्याच्या बॅरलपाशी जाऊन बसलो. आदी त्याल लावलं, मग राख, मग साबन, परत राख. त्यो वरडतोय, चला की, चला की. मी घासतोय. पाव तास तरी गेला आसंल. पोचलो तवा गेलतं. नर्स म्हनली, आत्ताच गेलं बगा, डोळं उगडं हुतं, कुनाला तरी हुडकत हुतं."

थोडं चालून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हात धुतलं नस्तं तर गावलं असतं."

मी काहीतरी म्हणाले असेन. असं नसतं हो वन्सं, किंवा तसलं काहीतरी. त्यांनी मला थांबवलं. "ह्ये मी कुनाला सांगितल्यालं न्हाय. तुज्या दाद्ल्याला बी न्हाय. पर तू लिवलायस तर सांगितलं. छापनार हाईस न्हवं? मग हात धुऊन छाप. न्हायतर माजं छापू नगंस."

कोल्हापूरला परत आल्यावर मी सरळ सरांकडे गेले. त्यांच्या खोलीत पुस्तकं इतकी होती की बसायला खुर्ची रिकामी करावी लागे, आणि रिकामी करायचं काम येणाऱ्यानेच करायचं, हा तिथला नियम. मी त्यांना सगळं सांगितलं. हात, चीक, बॅरल, पाव तास. ते वाक्य काढून तिथे एक पान नवीन घालायचं, बाकी पुस्तक तसंच.

सरांनी ऐकून घेतलं. "पाव तास हात धुते?"

"हो."

"नवरा मरतोय आणि ती साबण लावते?"

"हो सर. म्हणूनच लावते."

"बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वास्तव वेगळं आणि कला वेगळी. इथे वाचकाचा हुंदका आला आहे, आणि तुम्ही त्याला राख चोळायला लावताय. गती मरेल. शिवाय चीक लागतो हे कोल्हापुरात कुणाला माहीत आहे?"

"शेडमधल्या प्रत्येक बाईला माहीत आहे."

"त्या पुस्तकं विकत घेतात का?"

हे वाक्य मी त्यांच्या मुलांनाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण साहित्याच्या दुकानात बसलेला माणूस कधी ना कधी हे बोलतोच, आणि तो बोलेल तेव्हा तुम्ही खुर्चीवरून उठावं. मी उठले. खुर्चीवरची पुस्तकं परत खुर्चीवर ठेवली, कारण तसं सोडून जाणं मला जमत नाही. म्हणाले, माझं पुस्तक थांबवा.

ते विनोद समजले. मग चिडले. हॉल ठरला आहे, अध्यक्षांना काय सांगू, एका वाक्यासाठी कुणी असं करतं का, गावात पुन्हा कोण छापेल तुम्हाला? शेवटचं त्यांनी खरं केलं. पुढे कितीतरी वर्षं मला त्या मंडळांतून बोलावणं आलं नाही. मला ते लागलं नाही असं म्हणणार नाही. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं की माझं पुस्तक येणार, आणि मग सगळ्यांना माहीत झालं की येणार नाही. आजोबांनी मात्र फक्त एवढंच विचारलं, "आक्का काय म्हणाली ते त्याला नीट सांगितलंस का?" सांगितलं म्हटल्यावर म्हणाले, "मग झालं तर," आणि शर्ट झाडायला गॅलरीत गेले. बहिणीने काय सांगितलं ते त्यांनी मला विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. छापल्यावरच त्यांना कळलं. वाचून झाल्यावर ते बराच वेळ नळ सोडून उभे होते.

कथा मी पुन्हा लिहायला घेतली आणि बावीस पानांची सात झाली. खिडकी गेली, संध्याकाळ गेली, हुरहूर गेली. डॉक्टर कोल्हापूरचं बोलायला लागला. निरोप्या ओरडतो आहे आणि बाई हात घासते आहे, ह्यात माझ्याकडून विशेषण एकही नाही. घालून बघितलं, प्रत्येक वेळी तिच्या पाव तासात मी मध्ये आले. दोन मासिकांनी ती परत केली. एकाने लिहिलं, थंड वाटते. थंड! ही माणसं साहित्यात शेकायला येतात. शेवटी एका लहानशा दिवाळी अंकाने ती छापली, मागच्या बाजूला, फराळाच्या तेलाच्या जाहिरातीशेजारी. पुस्तक त्यानंतर पुष्कळ वर्षांनी निघालं, पातळ, दुसऱ्या गावच्या प्रकाशकाकडून, आणि त्याच्या प्रकाशनाला कुणी हॉल घेतला नाही.

छापायच्या आधी मी ती सात पानं वन्संना वाचून दाखवली. तोवर त्यांनी शेड सोडली होती. बोटं वळत नव्हती. त्या उंबऱ्यात बसून ऐकत होत्या, मी आत पाटावर. ह्या वेळी मी आवाजात चढउतार घातले नाहीत. वाचून संपलं. कौतुकाची वाट बघायची सवय मला तेव्हाही पूर्ण गेली नव्हती, म्हणून मी विचारलं, "बरोबर आहे का, वन्सं?"

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "पानी लई गार हुतं. त्ये ऱ्हायलं."

ईरा, तू मला विचारलं होतंस की गोष्ट चांगली झाली हे लेखकाला कसं कळतं. मला ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक असल्यासारखं वाटतं त्यांच्यापासून लांब राहा, वर्गातल्या मास्तरांसकट. मला कळलं ते एवढंच की ज्याची गोष्ट आहे त्याला तिच्यात भर घालावीशी वाटली. आता तुझी ती आजी फाडून टाक आणि मला फोन करून विचार की मी सकाळी उठून काय करते. उत्तर कंटाळवाणं आहे. तिथून सुरुवात कर.

वन्सं गेल्या. ती शेड बंद झाली, आता काजू मशिनने फुटतात. नंदा शिक्षिका झाली आणि मला वर्षातून एकदा पत्र लिहिते, त्यात माझ्या चुका काढते. माझं पुस्तक दुकानात मिळत नाही. मुद्रितांची बाकीची पानं मी रद्दीत घातली, एक ठेवलं. लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, निळ्या फाइलमध्ये आहे. त्यावर वन्संच्या अंगठ्यावरच्या चिकाचा डाग आहे; तेव्हा तपकिरी होता, आता काळा पडला आहे, आणि कागद तिथे इतका ठिसूळ झाला आहे की हात लावू नये. त्याच्याखालचं वाक्य वाचता येत नाही. समासात माझ्या पेन्सिलीने लिहिलेलं आहे: पाणी गार होतं.